थरथरणाऱ्या पुलाला वजन टांगण्याची कृती

गाळ्याच्या, म्हणजे पुलाच्या दोन आधारांमधल्या भागाच्या, मधोमध उभं राहा. टाचा उचला, चवड्यांवर या आणि सगळं वजन एकदम टाचांवर सोडा. मग अजिबात हलू नका. पूल लोखंडी गर्डरचा आणि गाळा लांब असेल, तर पुढचं तळपायांना कळतं: पूल सेकंदाला दोनेक वेळा खाली-वर होतो आणि थांबायचं नाव घेत नाही. रोज जाणारी माणसं याला ‘पूल नाचतो’ म्हणतात. ही कृती तो नाच मोजायची, संगणकावर हुबेहूब उतरवायची आणि स्प्रिंगवर टांगलेल्या वजनाने आवरायची.

यातली क्रमवारी मोडू नका. आमच्या धंद्यात बहुतेक वेळा उलटं चालतं. आधी संगणकावर मॉडेल, त्यावरून डँपरची, म्हणजे थरथर जिरवणाऱ्या जोडणीची, ऑर्डर, आणि मोजणी शेवटी, वेळ उरला तर. मीही एकदा तसं करून हात पोळून घेतलेत. ते स्प्रिंगच्या पायरीला सांगतो.

साहित्य

एक स्मार्टफोन, डबल टेप, मोजपट्टी, खडू, मेट्रोनोमचं अ‍ॅप, एक्सेल आणि पुलाचे जुने नकाशे मिळाले तर फारच उत्तम. फोनमध्ये फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप टाका. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात बनलेलं आहे. दोन-तीन धट्टीकट्टी माणसं लागतील. आणि पूल ज्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी. रेल्वेच्या पुलावर हे प्रयोग परस्पर करायचे नाहीत, फोन चिकटवण्यापुरतेसुद्धा नाहीत.

त्याआधी पुलाखाली जाऊन या. गर्डरचा खालचा पत्रा, बेअरिंग, वेल्डिंगचे सांधे बघा. गंजाचे पापुद्रे नखाने निघतात का बघा. निघत असतील तर ही कृती इथेच बंद. इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल १५ जून २०२५ ला कोसळला, माणसं गेली. असल्या पुलाला डँपर हा उपाय नाही, उलट वरचं ओझं आहे. आपण इथे ज्या रोगावर औषध देतो आहोत तो वेगळा: पूल भक्कम आहे, पण अंगाने हलका आणि लवचीक आहे.

१. मोजा

फोनचं कव्हर काढा. हे विसरलात तर रबराचं कव्हर स्वतःच थोडं डुलतं आणि वरच्या वारंवारतांमध्ये खोटे आकडे घुसवतं. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन मोजणीत कुणाचा तरी फोन येतो आणि तुम्ही पुलाऐवजी स्वतःच्या रिंगचा आलेख काढता. गाळ्याच्या मधोमध, स्लॅबवर, शक्यतो गर्डरच्या डोक्यावर फोन टेपने घट्ट बसवा. टाइल हलती असेल तर जागा बदला.

अ‍ॅपमध्ये गुरुत्वाकर्षण वगळून त्वरण मोजायचा पर्याय घ्या आणि १०० सेकंद नोंद करा. १०० का? वारंवारता किती बारीक वाचता येते ते नोंदीच्या लांबीवर ठरतं. १०० सेकंदांत ०.०१ हर्ट्झपर्यंत फरक दिसतो, २० सेकंदांत फक्त ०.०५ पर्यंत. घाई करणारा इथेच चुकतो. या १०० सेकंदांत दर २५ सेकंदांनी एकाने टाच मारायची, बाकीच्यांनी पुतळे व्हायचं.

आलेखाच्या वर्णपटात एक ठळक सुळका दिसेल. पण पहिला दिसला तो धरू नका. एका पुलावर मला २५ हर्ट्झला सुईसारखा टोकदार सुळका दिसला आणि अर्धा तास मी त्यावर डोकं खाजवलं. पलीकडच्या इमारतीचा डिझेल जनरेटर होता: मिनिटाला १५०० फेरे, म्हणजे सेकंदाला बरोबर २५. पुलाचा खरा सुळका टाच मारली की उंचावतो, यंत्राचा नाही.

मग फोन पाव अंतरावर हलवा आणि सगळं पुन्हा. हे टाळू नका. गाळा जेव्हा इंग्रजी एसच्या आकारात थरथरतो, तेव्हा मधला बिंदू स्थिर असतो. मधोमध ठेवलेल्या फोनला ती दुसरी वारंवारता जवळपास दिसतच नाही, आणि तीच पुढे आपली साक्षीदार आहे.

आता अवमंदन, म्हणजे पूल आपली थरथर किती लवकर गिळतो ते. टाच मारल्यावर उठलेली लाट निम्मी व्हायला किती आवर्तनं लागली ती मोजा आणि ११ ला त्या संख्येने भागा. उत्तर टक्क्यांत येतं. २२ आवर्तनं लागली तर अर्धा टक्का. पोलादी पादचारी पुलांना असंच काहीतरी येतं, आणि सगळा घोळ याच अर्ध्या टक्क्यात आहे.

२. कागदावर मांडा

हिशेबाला एक पूल धरू. गाळा ३० मीटर, दोन पोलादी गर्डर, प्रत्येकाचं जडत्व-परिबल ३,३०,००० सेंमी⁴. काँक्रीटचा स्लॅब, टाइल, कठडे आणि पाण्याचा एक पाइप धरून दर मीटरला ११०० किलो. दोन्ही टोकं साध्या बेअरिंगवर.

एक्सेलमध्ये मांडायचं सूत्र शाळेच्या गणिताहून फार अवघड नाही. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक (२०० गिगापास्कल) गुणिले दोन्ही गर्डरचं मिळून जडत्व-परिबल, भागिले मीटरमागचं वस्तुमान; याचं वर्गमूळ काढा. त्याला ‘पाय’ने गुणा आणि गाळ्याच्या वर्गाच्या दुपटीने भागा. उत्तर: १.९१ हर्ट्झ.

मोजलेला आकडा धरू २.१०.

हा फरक बघून विद्यार्थी खट्टू होतात. होऊ नये. कागदाशी पहिल्या फटक्यात जुळलेला पूल मला अजून भेटायचा आहे, आणि भेटला तर मी आधी मोजणीवरच संशय घेईन. वारंवारता १० टक्के जास्त याचा अर्थ पूल सुमारे २० टक्के अधिक ताठ आहे, कारण ताठपणा वारंवारतेच्या वर्गाच्या हिशेबाने चालतो. हा २० टक्के ताठपणा आला कुठून, तेवढं शोधायचं.

३. मॉडेल सुधारा

आता स्टॅड, मिडास किंवा मोफत हवं असेल तर ओपनसीस, जे हाताशी असेल ते उघडा. गर्डरचे वीस तुकडे पुरेत. इथे एक ठरलेला अपघात होतो: भार दिला म्हणजे वस्तुमान दिलं असं समजणं. स्लॅबचं वजन सॉफ्टवेअरला भार म्हणून दिलंत आणि वस्तुमान म्हणून द्यायचं राहिलं, तर नुसता पोलादी सांगाडा थरथरतो आणि वारंवारता भलतीच चढते. म्हणून पहिल्या धावेचं उत्तर आधी एक्सेलच्या १.९१ शी जुळवा. तिथे जुळलं नाही तर पुढे जाऊ नका.

जुळलं की पिळायच्या खुंट्या तीनच. वस्तुमान, बेअरिंगचा अडकलेपणा, आणि स्लॅब गर्डरला चिकटून किती साथ देतो ते. चौथी खुंटी लोकांना फार मोहात पाडते: पोलादाचा गुणांक २०० चा २४० करून टाकणं. आकडा झकास जुळतो. पण पोलाद बदलत नाही, बदलतो तो आपला प्रामाणिकपणा. अहवालात २४० दिसलं की मी पान उलटायचे कष्ट घेत नाही.

तीनपैकी कोणती खुंटी पिळायची ते पाव अंतरावरची साक्षीदार सांगते. टोकं मोकळी फिरत असतील तर दुसरी वारंवारता पहिलीच्या चौपट येते. टोकं पूर्ण जखडलेली असतील तर फक्त २.७६ पट. म्हणजे गंजून बसलेली बेअरिंग या गुणोत्तरात पकडली जातात, खाली न उतरता. आपल्या पुलाची दुसरी वारंवारता ८.१ हर्ट्झ आली असं धरू, ८.१ भागिले २.१ म्हणजे ३.८६. चारच्या इतकं जवळ, आणि खऱ्या गर्डरला कातरामुळे थोडं खाली येणं आलंच. तेव्हा बेअरिंग मोकळी आहेत. जास्तीचा ताठपणा स्लॅबचा: नकाशात तो गर्डरवर नुसता ठेवलेला आहे, प्रत्यक्षात चिकटून काम करतो. मॉडेलमध्ये ती साथ वाढवत न्या, २.१० येईपर्यंत, आणि दुसरी वारंवारताही सोबत जुळतेय ना ते बघा.

हल्ली या सगळ्याला ‘डिजिटल ट्विन’ म्हणायची फॅशन आहे. मोजणीने न सुधारलेलं मॉडेल जुळं नाही, लग्नाच्या स्थळाला पाठवलेला फोटो आहे. पण या दिशेने खरं काम झालंय. २०२२ मध्ये एमआयटीच्या लोकांनी गोल्डन गेट पुलावरून जाणाऱ्या मोटारींतल्या साध्या फोनांच्या नोंदी गोळा करून त्या पुलाच्या वारंवारता काढल्या. मोटारीचे स्वतःचे हादरे प्रत्येक फोनमध्ये वेगळे. अनेक नोंदी एकत्र केल्या की पुलाचे तेवढे सगळ्यांत सारखे उरतात. आपला एक फोन स्थिर पुलावर टेपने चिकटलेला आहे, तेव्हा आपल्याला तक्रारीला जागा नाही.

४. माणसं चालवून बघा

माणूस सेकंदाला साधारण १.६ ते २.४ पावलं टाकतो. २.१ त्यात जवळपास मध्यावर सापडतो. युरोपीय मानक म्हणतं, उभी वारंवारता ५ हर्ट्झच्या खाली असेल तर आरामाची तपासणी करा, आणि त्वरण ०.७ मीटर प्रति वर्ग सेकंदाच्या वर जाऊ देऊ नका.

मेट्रोनोम मिनिटाला १२६ ठोक्यांवर लावा, २.१ गुणिले ६० म्हणजे १२६. एका माणसाला गाळ्याच्या मधोमध जागच्या जागी त्या ठोक्यावर कदमताल करू द्या. उड्या नकोत. पाच-सात सेकंदांत पूल त्याला साथ देऊ लागतो आणि तो माणूस हसायला लागतो. प्रत्येक वेळी हसतात.

मॉडेलमध्ये हेच करा. चालणाऱ्याचा ठोका सुमारे २८० न्यूटनचा. पहिल्या आकारात पुलाचं निम्मंच वस्तुमान खऱ्या अर्थाने हलतं: ३३,००० चं निम्मं, १६,५०० किलो. अर्धा टक्का अवमंदनाला शेवटी १.७ पर्यंत त्वरण पोचतं. मर्यादेच्या दुपटीहून जास्त, तेही एकट्या माणसाने. सरळ चालत पार होणाऱ्याला पूल इतका वेळ देत नाही, म्हणून रोजच्या वाटसरूला याच्या निम्म्याच्या आसपास लागतं. पण तालात चालणारे दहाजण आले, मागे ढोल असला, तर हिशेब बदलतो. गणपतीत मुंबई महापालिका चिंचपोकळी, करी रोडसारख्या जुन्या पुलांवर नाचू नका म्हणून बजावते. तिथे मुख्य काळजी जुन्या पुलाच्या ताकदीची आणि गर्दीच्या वजनाची, आपल्या पुलावर निव्वळ तालाची. सूचना दोन्हीकडे एकच.

गर्दी आणखी एक खोडी करते. ६० माणसं उभी राहिली की सुमारे ३९०० किलो वाढतात आणि वारंवारता २.१० वरून १.९९ वर उतरते. हा आकडा वहीत लिहून ठेवा.

आडव्या डोलण्याकडे मी इथे फार वळत नाही, पण फोनच्या आडव्या अक्षावर १ हर्ट्झच्या आसपास सुळका दिसला तर थांबा आणि मोठ्या माणसाला बोलवा. लंडनचा मिलेनियम ब्रिज १० जून २००० ला उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला तो याच कारणाने. पूल किंचित डोलला की माणसं तोल सावरायला पाय फाकून त्याच लयीत चालू लागतात, आणि त्याला आणखी ढकलतात. यात वाईट हे, की ते हळूहळू वाढत नाही. एका ठराविक संख्येपर्यंत सगळं शांत, मग पाच-दहा माणसं वाढली की एकदम हेलकावे. तो पूल ३७ द्रव-डँपर आणि पन्नासच्या वर टांगलेली वजनं लावून फेब्रुवारी २००२ मध्ये पुन्हा उघडला.

५. वजन ठरवा

आता मुख्य काम. कल्पना जुनी आहे: हेर्मान फ्राम यांनी १९०९ मध्येच तिचं पेटंट मागितलं होतं, आणि सूत्रं डेन हार्टोग यांची. पुलाच्या पोटाला स्प्रिंगवर एक वजन टांगायचं, ज्याची स्वतःची वारंवारता पुलाच्या वारंवारतेच्या जरा खाली असेल. पूल वर जातो तेव्हा ते मागे रेंगाळतं आणि त्याला खाली ओढतं. थरथर पुलातून वजनात येते आणि तिथल्या तेलाच्या डँपरमध्ये उष्णता होऊन विरते.

वजन हलणाऱ्या वस्तुमानाच्या २ टक्के घ्या: ३३० किलो. एक टक्क्यावर भागवलंत तर स्वस्त पडतं, पण गर्दीने वारंवारता सरकली की ते गोंधळतं. वजनाची वारंवारता म्हणजे पुलाची वारंवारता भागिले १.०२, २.०६ हर्ट्झ. डँपरचं अवमंदन ८.४ टक्के, यंत्राच्या भाषेत ७१८ न्यूटन-सेकंद प्रति मीटर. स्प्रिंगांचा एकूण ताठपणा ५५ न्यूटन प्रति मिलिमीटर, चार स्प्रिंगांत वाटलेला, प्रत्येकी १३.८.

हे सगळं जमलं का ते मोजपट्टीने कळतं. स्प्रिंगवर वजन टांगल्यावर ती किती सेंटिमीटर ताणते ते बघा: २४.८५ भागिले वारंवारतेचा वर्ग. २.०६ ला ५.९ सेंमी. कागदी १.९१ वरून गेला असतात तर ७.१. सगळा फरक सव्वा सेंटिमीटरचा, आणि त्या सव्वा सेंटिमीटरने उरलेली थरथर जवळपास दुप्पट होते.

माझं झालं ते हेच. मॉडेलच्या आकड्यावरून स्प्रिंगा वळवून आणल्या, मोठ्या ऐटीत. मग पूल मोजला. स्प्रिंगा वळणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला, आणि त्याचं बरोबर होतं. मागितलं तसंच त्याने दिलं होतं. दोन वर्षं त्या माझ्या गॅलरीत कुंड्यांखाली होत्या.

६. जमिनीवर जुळवा, मग चढवा

वजन एकसंध ओतून घेऊ नका. २७० किलोचा ठोकळा आणि वर १०-१० किलोच्या सहा प्लेटा बोल्टने. एक प्लेट काढली की वारंवारता ०.०३ ने चढते. सूर जुळवायला तेवढी बारीक पिळणी हवीच. वर्कशॉपच्या फरशीवर चौकट उभी करा, डँपर सुटा ठेवा, वजनावर फोन चिकटवा, हाताने दाबून सोडा. २.०६ येईपर्यंत प्लेटा चढवा-उतरवा. मग डँपर जोडा.

जागा गाळ्याच्या बरोबर मध्ये, दोन गर्डरच्या मधल्या पोकळीत, आडव्या ब्रेसिंगला. जागेची अडचण म्हणून पाव अंतरावर टांगलंत तर तेच वजन निम्मं काम करतं. वर-खाली २५ मिलिमीटर मोकळी जागा सोडा आणि टोकाला रबराचे थांबे. वजन पाइपला किंवा केबल-ट्रेला घासता कामा नये. घासलं की ते वजन उरत नाही, नुसतं ओझं होतं. आणि पोलादी दोराचा दुसरा फास घाला, थोडा सैल, स्प्रिंग तुटली तर ३३० किलो खालच्या रस्त्यावर जाऊ नये म्हणून. हा फास ज्या नकाशात नाही, त्याच्यावर मी सही करत नाही.

७. पुन्हा टाच मारा

तीच जागा, तोच फोन, तेच १०० सेकंद. आधी निम्मं व्हायला २२ आवर्तनं लागत होती, आता तीन-चारात थरथर विरली पाहिजे. वर्णपटातला सुळका गेलेला असतो. त्याच्या जागी दोन बुटक्या टेकड्या, १.९७ आणि २.१८ च्या आसपास. कदमतालवाल्याला पुन्हा उभं करा. १.७ च्या जागी त्वरण ०.२ च्या आत येतं. या वेळी तो हसत नाही.

टेकड्या सारख्या उंचीच्या नसतील तर घाबरू नका. उजवी उंच असेल तर वजन खालच्या सुरात आहे: एक प्लेट काढा. डावी उंच असेल तर एक घाला. गर्दीचा १.९९ वहीत लिहिलाय ना? गर्दी मोठी असेल अशा पुलाला डावीकडे थोडं झुकतं माप द्या, म्हणजे एखादी प्लेट जास्तच राहू द्या. मोठ्या पुलांना हे हाताने जमत नाही. रशियात व्होल्गोग्राडचा पूल मे २०१० मध्ये वाऱ्याने लाटेसारखा हलला, तेव्हा नंतर तिथे चुंबकीय द्रवाचे डँपर बसवले. ते पुलाची चाल बघून आपला कडकपणा स्वतःच बदलतात. आपल्याला एक पाना पुरतो.

पहिल्या पावसाळ्यानंतर परत या. स्प्रिंगांवर गंज, डँपरमधून ठिबकणारं तेल, सैल बोल्ट, वजनावर कबुतराचं घरटं. हे सगळं भेटतं. सात पायऱ्यांपैकी पहिली आणि शेवटची तेवढी पुन्हा करा. वहीत तारीख, वेळ आणि हवेचं तापमान लिहा. दुपारी तापलेला पूल सकाळच्या पुलाहून किंचित वेगळा वाजतो. आणि फोन कोणता होता तेही लिहा, कारण पुढच्या खेपेला तो बहुधा बदललेला असतो.